दुकानापासून ऑनलाइन व्यवसायापर्यंत : मराठवाड्यातील व्यापारी आणि ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे वडिलोपार्जित दुकान चालवणारे व्यापारी, घरातून ऑनलाइन विक्री सुरू करू पाहणारे तरुण आणि बचत गट, तसेच वाणिज्य शाखेचे विद्यार्थी यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. धागा एकच ठेवला आहे : माल कोणाच्या पैशावर पडून राहतो, उधारी कोण सोसतो, परत आलेला माल कोणाच्या अंगावर पडतो आणि गिऱ्हाइकाची माहिती कोणाच्या वहीत असते. या चार गोष्टींची वाटणी बदलली, की व्यवसायाचे प्रारूप बदलते. दुकानाला शटर आहे की संकेतस्थळ, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

मराठवाड्यातील जुने दुकान नेमके कोणत्या पायावर उभे होते?

उधारीच्या पायावर. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात पैसा सुगीला, म्हणजे वर्षातून एकदोनदाच येई. मीठ, तेल, चहा, साखर आणि लग्नसराईचे कापड मात्र त्याला वर्षभर लागे. हे अंतर दुकानदार आपल्या भांडवलातून भरून काढी. त्याच्या वहीत प्रत्येक घराचे पान असे आणि त्या पानावर केवळ बाकी नव्हे, तर त्या घराची जमीन, विहिरीचे पाणी, मुलीचे ठरलेले लग्न हे सारे न लिहिताही नोंदलेले असे. कोणाला किती द्यायचे, हे त्यावरून ठरे.

या व्यवहाराचे गोडवे गाण्याची प्रथा आहे. ती अर्धीच खरी आहे. उधारीवरच्या मालाचा भाव चढा असे, म्हणजे व्याज वेगळे न लिहिता किमतीतच धरलेले असे, आणि ज्याच्याकडे जमीन नव्हती त्या मजुराला उधार मिळे ते थोडे आणि महाग. दुसऱ्या दुकानात जाण्याचे स्वातंत्र्यही बाकी असलेल्या गिऱ्हाइकाला फारसे नसे.

दुकानदाराच्या मागे घाऊक पेठ असे. निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग झाला आणि त्यावरील जालना, परभणी, नांदेड या गावांच्या पेठा वाढल्या. लातूरला बार्शी लाइट रेल्वेने जोडले. लातूरच्या गंजगोलाईची रचना पाहिली, तर सोळा रस्ते एका गोलात येऊन मिळतात आणि सराफा, कापड, भुसार, चपला असा एकेक धंदा आपापला रस्ता धरून बसतो. गिऱ्हाइकाला एका फेरीत भाव ताडून पाहता यावेत, ही सोय तिथे दगडविटांतच बांधलेली आहे. त्या काळी व्यापाऱ्याला निजामाचा हाली शिक्का आणि ब्रिटिश मुलखातील कलदार रुपया या दोन नाण्यांमधला वटाव, म्हणजे अदलाबदलीतला फरकही सांभाळावा लागे, ही गोष्ट आज क्यूआर कोड लावून बसलेल्या त्याच्या नातवाला सांगून खरी वाटत नाही.

ऑनलाइन ‘मार्केटप्लेस’ ही कल्पना पूर्णपणे नवी आहे का?

नाही. मोंढ्यातील, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजारातील, आडत व्यवहार हे तिचे जवळचे पूर्वरूप आहे. आडत्या शेतकऱ्याचा माल स्वतः विकत घेत नाही. तो माल आपल्या आडतीवर उतरवून घेतो, लिलावात खरेदीदार मिळवून देतो, वजन करवतो, हिशेबाची पट्टी बनवतो आणि या मध्यस्थीबद्दल आडत घेतो. मालकी विकणाऱ्याची, जागा आणि विश्वास मध्यस्थाचा. आजची मोठी विक्री संकेतस्थळे नेमके हेच करतात : माल दुसऱ्याचा, जागा त्यांची, कमिशनही त्यांचे.

फरक मात्र दोन आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. पहिला असा, की आडत्या शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी उचल देतो, तर संकेतस्थळ विक्रेत्याचेच पैसे माल पोचून परतीची मुदत जाईपर्यंत अडकवून ठेवते. म्हणजे भांडवलाचा ओघ उलटा फिरला आहे. दुसरा असा, की आडतीचा व्यवहार १९६३ च्या बाजार समिती कायद्याखाली येतो, परवाना लागतो, कपाती कशाच्या आणि किती हे बाजार समितीच्या नियमांत बसावे लागते. संकेतस्थळाचा कमिशनदर हा खाजगी कराराचा भाग असतो आणि तो बदलल्याची सूचना विक्रेत्याला ईमेलने येते. आडत्याबद्दल तक्रारी करणारे पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच रास्तही आहेत, पण त्याच्या दारात जाऊन भांडता तरी येत होते.

घरपोच माल आणि माल मिळाल्यावर पैसे, ही पद्धत ऑनलाइन कंपन्यांनी आणली का?

ही पद्धत त्यांच्याही सव्वाशे वर्षे आधीची आहे. अमेरिकेत १८७२ मध्ये माँटगोमेरी वॉर्ड यांनी छापील सूचीवरून टपालाने माल विकण्यास सुरुवात केली. भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्ये व्हीपी, म्हणजे पैसे भरून पार्सल सोडवून घेण्याची सोय सुरू केली आणि पुस्तके, औषधे, घड्याळे, बियाणे अशा वस्तू त्या मार्गाने खेडोपाडी जात राहिल्या. टपालाच्या वाटणीसाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी आलेला पिनकोड आज ऑनलाइन कंपनी आपल्या गावाला माल देणार की नाही, हे ठरवतो.

मॉल आणि स्वयंसेवा भांडारांनी काय बदलले?

गिऱ्हाइकाने स्वतः माल उचलायचा, छापील किमतीला रोखीने घ्यायचा आणि उधारी नाही, एवढेच. पण हे ‘एवढेच’ मोठे होते. १९१६ मध्ये अमेरिकेतील मेंफिस येथे पिगली विगली या दुकानाने ही पद्धत प्रथम रूढ केली. भारतात २००१–०२ च्या सुमारास बिग बझार आणि डीमार्ट सुरू झाले आणि पुढील काळात अशी भांडारे छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा शहरांत पोचली. घासाघीस आणि ओळख या दोन्हींशिवाय खरेदी करण्याची सवय शहरी गिऱ्हाइकाला इथे लागली आणि पुढे ऑनलाइन व्यवसायाला ती आयती मिळाली.

भारतात ऑनलाइन व्यापार केव्हा सुरू झाला आणि मराठवाड्यात रुळायला इतका वेळ का लागला?

अॅमेझॉनने अमेरिकेत १९९५ मध्ये पुस्तकविक्री सुरू केली. भारतात १९९९–२००० च्या आसपास पहिली विक्री संकेतस्थळे निघाली, पण घरोघरी संगणक नव्हता आणि कार्डाने आगाऊ पैसे भरण्याची लोकांची तयारी नव्हती. अनेकांचा पहिला ऑनलाइन व्यवहार दुकानाशी नव्हे, तर २००२ मध्ये सुरू झालेल्या रेल्वे तिकिटांच्या आरक्षणाशी झाला. २००७ मध्ये बंगळुरूत फ्लिपकार्ट पुस्तकांपासून सुरू झाली. २०१० मध्ये तिने माल हातात पडल्यावर पैसे घेण्याची सोय दिली आणि तिथून चित्र पालटले. अॅमेझॉनचे भारतीय संकेतस्थळ जून २०१३ मध्ये आले.

आपल्याकडे उशीर होण्याची कारणे सरळ होती : इंटरनेट महाग आणि मंद, कुरिअर तालुक्यापर्यंतच, आणि संकेतस्थळांची भाषा इंग्रजी. २०१६ हे वर्ष या दृष्टीने वेगळे ठरले. एप्रिलमध्ये यूपीआयची घोषणा झाली, सप्टेंबरमध्ये जिओमुळे मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीने रोकड आटल्यावर डिजिटल पैसे हा अनेक दुकानदारांपुढचा नाइलाज झाला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर राज्याराज्यांच्या सीमेवरील करांचा गुंता कमी झाला आणि परराज्यातील गोदामातून माल पाठवणे सोपे झाले. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, तोवर ऑनलाइन खरेदीला हात न लावलेली घरेही तिच्याकडे वळली.

‘मार्केटप्लेस’ आणि ‘स्वतःचा साठा’ या दोन प्रारूपांत कायदा फरक करतो का?

करतो. परकीय गुंतवणूक असलेल्या कंपनीला भारतात ग्राहकांना ऑनलाइन विक्री करायची असेल, तर तिने केवळ मध्यस्थ राहावे, मालाचा साठा स्वतःच्या मालकीचा ठेवू नये, असा नियम आहे. १ फेब्रुवारी २०१९ पासून तो अधिक कडक झाला : ज्या विक्रेत्यात संकेतस्थळाची किंवा त्याच्या गटातील कंपनीची भागीदारी आहे, त्याला त्याच संकेतस्थळावर विक्री करता येत नाही. भारतीय मालकीच्या कंपनीला स्वतःचा साठा ठेवून विकण्यास अशी आडकाठी नाही. या नियमामागे लहान दुकानदाराचे संरक्षण हा हेतू सांगितला जातो. प्रत्यक्षात त्यामुळे विक्रेत्यांची एक मोठी साखळी उभी राहिली, आणि मालाची व परतीची जोखीम त्या साखळीतल्या लहान माणसावर येऊन थांबली, हे दुकानदाराने ध्यानात ठेवलेले बरे.

दुकानात भाडे द्यावे लागते, ऑनलाइनमध्ये ते वाचते. मग नफा अधिक का नाही होत?

कारण भाड्याच्या जागी दुसरे खर्च येतात आणि ते प्रत्येक मागणीमागे, म्हणजे ऑर्डरमागे, येतात. समजा, लातूरच्या एका विक्रेत्याने ३०० रुपयांना घेतलेला कुर्ता संकेतस्थळावर ५०० रुपयांना ठेवला. हिशेब सोपा ठेवण्यासाठी कर बाजूला ठेवू. कमिशन ६०, पाठवणी ७० आणि बांधणी १० रुपये धरले, तर हातात ६० रुपये राहतात. दहा मागण्यांपैकी दोन परत आल्या, तर आठ मागण्यांचे ४८० रुपये मिळतात; पण परत आलेल्या प्रत्येक नगामागे जाण्याचे ७०, येण्याचे ७० आणि बांधणीचे १० असे १५० रुपये जातात, म्हणजे दोहोंचे ३००. उरले १८० रुपये. दर मागणीमागे १८. परत आलेला कुर्ता मळलेला असेल, तर तेही गेले. हे आकडे नमुन्यादाखल आहेत आणि प्रत्येक संकेतस्थळाचे दर वेगळे असतात. काही ठिकाणी कमिशन शून्य असते, पण मग पाठवणी आणि जाहिरात यांतून वसुली होते.

तोच कुर्ता दुकानात ४०० रुपयांना विकला, तर १०० रुपये सुटतात आणि त्यातून भाडे, वीज व नोकराचा पगार द्यायचा असतो. दिवसाला तीन गिऱ्हाइके असली, तर दुकान तोट्यात. तीस असली, तर ऑनलाइनपेक्षा बरे. म्हणून ‘कोणते स्वस्त’ हा प्रश्न मालाच्या खपावर आणि परतीच्या प्रमाणावर अवलंबून आहे. ऑनलाइन विक्री सुरू करणाऱ्याने सुरुवातीचे काही महिने विक्रीपेक्षा परतीची वही अधिक काटेकोर ठेवावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. मापाचा तक्ता स्पष्ट देणे, रंग फोटोत जसा आहे तसाच असणे आणि कापडाचे वर्णन प्रामाणिक असणे, यांनी परती जितक्या घटतात, तितक्या सवलतीच्या जाहिरातीने विक्री वाढत नाही.

मराठवाड्यातील कोणता माल ऑनलाइन विक्रीला योग्य आहे?

जो प्रवासात टिकतो, ज्याची ओळख गावाच्या नावाशी बांधलेली आहे आणि ज्याची किंमत पाठवणीच्या खर्चापेक्षा पुष्कळ जास्त आहे, तो. या कसोटीवर पैठणी पहिली येते. एका साडीमागे पाठवणीचा खर्च नगण्य असतो आणि मागणी पुण्या-मुंबईपासून परदेशापर्यंत असते. पैठणीला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट भागाच्या मालाला मिळणारी अधिकृत ओळख, आहे, पण मानांकन मिळाले म्हणून नक्कल थांबत नाही. यंत्रमागावर विणलेली साडी हातमागाची म्हणून ऑनलाइन सर्रास दाखवली जाते आणि पडद्यावर दोहोंतला फरक कळत नाही. खऱ्या विणकराने साडीची उलटी बाजू, काठ विणतानाची चित्रफीत, अस्सल रेशमाची खूण म्हणून सिल्क मार्क आणि मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी, हे सर्व मांडले पाहिजे. दुकानात गिऱ्हाईक हात लावून खात्री करून घेत असे. त्या स्पर्शाची भरपाई इथे पुराव्यानेच करावी लागते.

जालन्याची मोसंबी, बीडचे सीताफळ आणि मराठवाडा केसर आंबा यांनाही भौगोलिक मानांकन आहे, पण तिन्ही फळांचा स्वभाव वेगळा आहे. मोसंबी काही दिवस तग धरते. केसर कच्चा पाठवून वाटेत पिकवता येतो, म्हणून पेटीची आगाऊ नोंदणी घेऊन विकणे जमते. सीताफळ झाडावरून उतरवल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडते. ते कुरिअरने पाठवण्याचा हट्ट धरण्यापेक्षा गर काढून, गोठवून आइस्क्रीमवाल्यांना देणे शहाणपणाचे. धाराशिव जिल्ह्यातील भूम-वाशी भागाच्या खव्याचेही तेच : शीतसाखळी नसेल, तर तो घाऊक व्यापारातच बरा, पेढ्याच्या रूपात मात्र दूर जाऊ शकतो. ज्वारी, तूरडाळ, हरभरा हा माल टिकतो, परंतु वजनाने भारी आणि किमतीने हलका असल्याने पाठवणीच त्याला खाते. पाच किलो डाळ मुंबईला पाठवण्याऐवजी तिथल्या एका सोसायटीच्या पंचवीस घरांची मागणी एकत्र करून मालवाहतुकीने पोती पाठवणारे गट आम्हाला अधिक व्यवहारी वाटतात.

व्हॉट्सअॅपवर माल विकणे हा ‘ऑनलाइन व्यवसाय’ मानायचा का?

अवश्य मानायचा, आणि आपल्या भागापुरते बोलायचे तर तो सर्वांत स्वाभाविक प्रकार आहे. व्हॉट्सअॅपने २०१८ मध्ये व्यवसायासाठी वेगळे अॅप दिले, त्यात मालाची सूची मांडता येते. चटण्या, शेवया, कुरडया, पापड विकणारी गृहिणी आपल्या ओळखीच्या गटांत फोटो टाकते, पैसे यूपीआयने घेते आणि माल एसटीच्या पार्सलने किंवा गावाकडे जाणाऱ्या माणसाकरवी पाठवते. इथे गिऱ्हाइकाची माहिती तिच्याच फोनमध्ये राहते; संकेतस्थळावर मात्र ती संकेतस्थळाची मालमत्ता होते आणि विक्रेत्याला मागणी करणाऱ्याशी पुन्हा थेट संपर्क साधता येत नाही. मर्यादा अशी, की ओळखीचे वर्तुळ संपले की वाढ थांबते. दोन्ही वाटा एकदम चालवून, नवे गिऱ्हाईक संकेतस्थळावरून आणि जुने आपल्या फोनवरून, अशी विभागणी अनेकांना मानवते.

ऑनलाइन युगात उधारीचे काय झाले?

ती संपली नाही, तिचा मालक बदलला. हप्त्यांवर मोबाइल, ‘आता घ्या, नंतर द्या’ या योजना आणि अॅपवरील कर्जे ही उधारीच आहे. फक्त ती देणारा दुकानदार नसून वित्तसंस्था आहे आणि पत ठरते ती विहिरीच्या पाण्यावरून नव्हे, तर बँकेतील व्यवहारांच्या नोंदींवरून. यात जातीपातीचा आणि ओळखीचा भेद कमी झाला, हे मान्य करायला हवे. परंतु पाऊस लांबला म्हणून वसुली सुगीपर्यंत थांबवणारा दुकानदार जसा होता, तसे अॅप नसते. हप्त्याची तारीख ठरलेली असते आणि ती चुकली, की दंड लागतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घातली; कर्जाचा एकूण वार्षिक खर्च आधी सांगणे तेव्हापासून बंधनकारक आहे. सही करण्याआधी तो आकडा वाचावा.

दुकानदाराची स्वतःची उधारी आता खतावणीच्या अॅपमध्ये शिरली आहे आणि बाकीची आठवण संदेशाने जाते. समोरासमोर मागायला संकोच वाटत असे, तो वाचला.

मोंढाही ऑनलाइन होत आहे का?

१४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने ई-नाम ही इलेक्ट्रॉनिक बाजारव्यवस्था सुरू केली आणि राज्यातील अनेक बाजार समित्या तिला जोडल्या गेल्या. बोली संगणकावर लागते, पण सोयाबीनमधला ओलावा आणि काडीकचरा तपासल्याशिवाय दूरचा खरेदीदार भाव लावत नाही. तपासणीची प्रयोगशाळा जिथे नीट चालते, तिथेच ई-नामला अर्थ आहे.

किराणा दुकाने बंद पडतील का?

सरसकट नाही, असे आमचे मत आहे. दहा रुपयांची चहापत्ती आणि अर्धा पाव तेल घरपोच देणे कोणत्याही कंपनीला परवडत नाही, आणि मराठवाड्यातील बऱ्याच घरांची खरेदी आजही या मापात होते. धोका आहे तो मधल्या दुकानांना : तालुक्याच्या ठिकाणची मोबाइल, भांडी, तयार कपडे, चपला यांची दुकाने, जिथे माल नावाच्या कंपनीचा असतो आणि तोच माल फोनवर कमी भावात दिसतो. अशा दुकानाने भावात स्पर्धा करू नये. दुरुस्ती, बसवून देणे, मापात बदल करून देणे आणि खराब निघाल्यास त्याच दिवशी बदलून देणे, या सेवेचे पैसे उघडपणे लावावेत. कोणा एका कंपनीच्या संकेतस्थळाला न बांधता खुल्या डिजिटल जाळ्यावर सर्वांना विकता यावे म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये ओएनडीसी ही संस्था स्थापन झाली आहे, तिथेही नोंदणी करून पाहायला हरकत नाही. मात्र तिच्यावर भिस्त ठेवून दुकान मोडू नये.

ऑनलाइन विक्रीसाठी जीएसटी नोंदणी आवश्यक आहे का?

वस्तूंची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असल्यास सामान्यतः नोंदणी लागत नाही. संकेतस्थळामार्फत विकणाऱ्याला मात्र पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून, केवळ आपल्याच राज्यात माल विकणाऱ्या लहान विक्रेत्याला जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घेऊन विना नोंदणी विकता येते. राज्याबाहेर माल पाठवायचा असेल, तर नोंदणी हवीच. नोंदणीकृत विक्रेत्याच्या रकमेतून संकेतस्थळ जीएसटीपोटी ०.५ टक्का कापते, तो पुढे आपल्या खात्यात जमा दिसतो. खाद्यपदार्थ असतील, तर एफएसएसएआय, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. बंद पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किंमत, बनवल्याचा महिना आणि बनवणाऱ्याचा पत्ताही लागतो. घरगुती माल म्हणून यातून सूट मिळते, हा गैरसमज आहे.

ऑनलाइन खरेदीत फसवणूक झाल्यास ग्राहकाने कोठे दाद मागावी?

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण दिले पाहिजे. तेवढ्याने न भागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग : २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे कंपनी बंगळुरूची असली, तरी हिंगोलीच्या ग्राहकाला हिंगोलीतच दाद मागता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. पैसे बनावट संकेतस्थळाला गेले असतील, तर मात्र आयोगाची वाट न पाहता १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधी गोठवली गेली तरच ती परत मिळण्याची आशा असते. मागणीचा क्रमांक, पैसे भरल्याची नोंद, विक्रेत्याशी झालेले संदेश आणि पार्सल उघडतानाची चित्रफीत जपून ठेवावी.